दोन्या ओतिलियांची परवानगी

वणवा विझवायला जाणाऱ्या तुकडीच्या मुकादमाचं निम्मं काम पहिली कुदळ मारायच्या आधीच होऊन जायला हवं, असं क्लेओफास नेहमी सांगायची. ऐकताना मी मान हलवायची. ते खरोखर कळायला मात्र मला एक सबंध सकाळ लागली, आणि माझ्या सासूबाई.

आमचं वायेसितो न्यू मेक्सिकोच्या उत्तर डोंगरात. त्या काळी गावातले पुरुष वर्षातले बरेच महिने कोलोराडोच्या खाणींत नाहीतर मेंढ्यांमागे असायचे. बर्फ वितळलं की पाटातला गाळ काढायचं काम बायकांवरच येई. फावडं-कुदळ आमच्या हातात लाटण्याइतकंच बसलेलं. जंगल खात्याच्या कुणाच्या तरी हे नजरेत भरलं आणि त्यांनी आमची तुकडी बांधली, नुसत्या बायकांची. वणव्याच्या पुढे जाऊन गवत, काटक्या, पाइनच्या सुया खरवडून काढायच्या आणि मातीची उघडी पट्टी तयार करायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नाही. तिला जाळरेषा म्हणतात. पाट खणलेल्या बाईला जाळरेषा काही नवी नाही. वेगळं एवढंच, की पाट खणताना मागून कुणी धूर सोडत नाही.

क्लेओफास आमची पहिली मुकादम. तिचं लग्न ठरलं आणि ती पुएब्लो शहरात राहायला जाणार हे नक्की झालं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. नियमच होता, की स्वतःचा मुकादम नसलेल्या तुकडीला बोलावणं येणार नाही. बायकांना दोघीदोघींनी इतर गावांच्या तुकड्यांत वाटून टाकतील. तसं झालं असतं तर निम्म्याजणींना घरून सोडलंच नसतं, आणि उरलेल्या अनोळखी पुरुषांत तोंड शिवून बसल्या असत्या. म्हणून क्लेओफासने मला पुढे केलं. शिकायचं ते सगळं मी शिकले होते. आता फक्त खऱ्या वणव्यावर, परीक्षकाच्या डोळ्यांदेखत, सगळं स्वतः ठरवून दाखवायचं राहिलं होतं. तो हो म्हणाला तर वायेसितोची तुकडी राहणार, नाही म्हणाला तर त्या उन्हाळ्यानंतर संपली.

परीक्षक होता केन्ड्रिक नावाचा उंच, वाळका माणूस. खिशात कायम पिन्योन, आमच्याकडचे चिलगोजे. ते दातांनी फोडायचा आणि टरफल बाजूला थुंकायचा. त्याचं स्पॅनिश आमच्या इंग्रजीइतकंच चांगलं होतं, म्हणजे भांडण होण्याइतकं नाही, पण काम भागायचं.

आणि तुकडीत माझ्या सासूबाई होत्या, दोन्या ओतिलिया. दोन्या हे आमच्याकडे मोठ्या बाईच्या नावाआधी मानाने लावतात. सासरे गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं, "घरात बसून कुणाचं तोंड बघू? सून डोंगरावर, मुलगा खाणीत. मीही येते." खात्याची दमाची चाचणी त्यांनी दिली. एका बाकावर चढायचं-उतरायचं, बस. त्या पास झाल्या, शिवाय बाक डुगडुगतो म्हणून चाचणी घेणाऱ्यालाच सुनावून आल्या. त्यांच्यासारखी स्वच्छ रेषा तुकडीत कुणी काढत नसे. फक्त उतारावर त्यांचे गुडघे कुरकुरायचे. डोक्यावर भरलेली घागर असल्यासारख्या त्या आडव्या आडव्या उतरायच्या. हे सगळ्यांना दिसायचं आणि कुणी बोलायचं नाही. दोन्या ओतिलियांना त्यांच्या गुडघ्यांबद्दल सांगणार कोण?

त्या दिवशीचा वणवा मोठा नव्हता. एका लांबट डोंगराच्या पश्चिम अंगावर पाइनच्या सुयांत सावकाश जळत होता. सकाळी धूर सरळ वर जात होता, दुपारी वारा उठणार होता. आम्हाला डोंगराचा अख्खा खांदा नेमून दिला होता. वारा यायच्या आत तिथे जाळरेषा हवी.

बायकांना गाड्यांपाशी बसवून मी, क्लेओफास आणि केन्ड्रिक वर पाहणीला गेलो. क्लेओफासला तोंड उघडायची बंदी होती, त्यामुळे तिच्या भुवयाच जास्त काम करत होत्या. मी सगळं रीतसर केलं. आग कुठे आहे, काय जळतंय, पुढे काय पेटू शकेल ते पाहिलं. टेहळणीसाठी एक उंच खडक निवडला. आगीच्या उलट्या बाजूला खाली एक ओलं कुरण होतं, मधून ओढा, हिरवं गार गवत. काही झालंच तर पळून जायची जागा ती. खांद्यावरून कुरणापर्यंत मी स्वतः उतरून पाहिलं, शेळीसारखी टणाटण.

"किती वेळ लागतो?" केन्ड्रिकने विचारलं.

"कॉफी उकळायच्या आत पोचतो," मी म्हणाले.

त्याने टरफल थुंकलं. क्लेओफासची एक भुवई वर गेली ती खाली आलीच नाही.

मग बायकांना वर आणलं. राकेल एक वॉकीटॉकी घेऊन टेहळणीच्या खडकावर जाऊन बसली, दुसरा माझ्या कमरेला होता. बाकीच्यांना मी वारा सांगितला, टेहळणी सांगितली, आसऱ्याचं कुरण हात करून दाखवलं, तीन शिट्ट्या झाल्या की काम टाकून निघायचं हे सांगितलं.

"समजलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाद्रींच्या प्रवचनातही आम्ही अशाच माना डोलावतो.

इथे मी थांबले असते तर चाललं असतं. पण मला केन्ड्रिकसमोर मिरवायचं होतं. माझ्या बायका कशा चपळ आहेत ते एकदा बघ म्हटलं. म्हणून मी म्हणाले, "चला, सुरू करायच्या आधी एकदा चालूनच पाहू. जागेवर उभ्या राहा."

पाट साफ करताना आमच्यात वयाने सगळ्यात मोठी बाई पाटाच्या वरच्या टोकाला उभी राहते, मग उतरत्या वयाने बाकीच्या. कुणी ठरवलेलं नाही, पाय आपोआप तसे पडतात. इथेही तसेच पडले. दोन्या ओतिलिया सगळ्यात वर, धाकट्या मुली खाली कुरणाच्या बाजूला. मी तीन शिट्ट्या मारल्या.

सगळ्याजणी वळल्या. वळून, पायवाटेवरून एक पाऊल बाजूला झाल्या आणि अवजार पायाशी धरून उभ्या राहिल्या.

मला क्षणभर कळेना काय चाललंय. मग वरून दोन्या ओतिलिया यायला लागल्या. आडव्या आडव्या, कुदळीचा दांडा टेकत, दोन्ही बाजूंच्या मुलींना मान देत. "जपून हं, तिया," मुली म्हणत होत्या. तिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, गावातली कुठलीही मोठी बाई. "हो हो, मिहिता," म्हणजे बाळ, असं त्या प्रत्येकीला उत्तर देत होत्या. त्या पुढे गेल्यावर एकेक मुलगी मागे रांगेत लागत होती. मोठ्या बाईच्या पुढे चालायचं नाही हे आम्ही रांगता रांगता शिकलेलो. शिट्टी कसली का असेना.

यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की त्या माझ्यापाशी आल्या तेव्हा मीसुद्धा बाजूला झाले. मी, मुकादम.

शेवटची बाई कुरणात पोचेपर्यंत कॉफी उकळून, उतू जाऊन, चूल विझली असती.

केन्ड्रिक खडकाला टेकून बघत होता. "छान मिरवणूक," तो म्हणाला. "संत कोणते?"

"सांता ओतिलिया," फिदेलिया म्हणाली. हिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. "गुडघेदुखीला पावतात."

सगळ्या खिदळल्या. दोन्या ओतिलिया हसल्या नाहीत. मीही नाही.

"पुन्हा," मी म्हणाले. "दोन्या, तुम्ही आता खालच्या टोकाला उभ्या राहा. आणि मुलींनो, शिट्टी झाली की थांबायचं नाही. त्यांना ओलांडून पुढे जायचं."

"ओलांडून?" राकेलची बहीण म्हणाली, जणू मी तिला वेदीवरचं कापड ओढायला सांगितलं.

"ओलांडून."

दुसऱ्यांदा शिट्ट्या झाल्या. या वेळी दोन्या ओतिलिया आधी निघाल्या आणि अर्ध्या उतारावर मुलींनी त्यांना गाठलं. पहिली मुलगी मागे येऊन थांबली. "परवानगी असावी, तिया." दोन्या ओतिलिया थांबल्या, कारण परवानगी चालता चालता देत नाहीत. वळल्या, हात उंचावला. "जा मिहिता, देव तुझ्याबरोबर. आईचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे, तिया. रात्री थोडा येतो."

"मध आणि कांदा दे म्हणावं."

"हो तिया."

मग दुसरी. "परवानगी असावी, तिया." त्या पुन्हा थांबल्या, पुन्हा वळल्या. दुसरीच्या भावाची नोकरी, तिसरीची गाय, चौथी नुकतीच लग्न झालेली, म्हणजे तिला तर जास्तच वेळ. मी खाली कुरणात उभी राहून हे ऐकत होते आणि वर आकाशाकडे बघत होते. धूर अजून सरळ होता, पण शेंडा थोडा वाकायला लागला होता.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. खाली तळावर सगळ्या तुकड्या नेमणारा साहेब होता.

"वायेसितो, बाकी सगळ्यांनी काम सुरू केलं. तुमचं?"

"अजून नाही, साहेब."

"काय अडलंय?"

काय सांगणार? सासूबाई अडल्यात म्हणून? "सुटकेची वाट लांब पडतेय."

"नकाशावर तर जवळ दिसते."

"नकाशाला गुडघे नाहीत, साहेब."

"लवकर काय ते सांगा. नाहीतर खांदा दुसऱ्यांना देतो."

मी केन्ड्रिककडे बघितलं. तो चिलगोजा निवडत होता. क्लेओफासने दोन्ही भुवया खाली घेतल्या होत्या आणि स्वतःच्या बुटांकडे पाहत होती. याचा अर्थ होता, तुझं तू बघ.

सोपा रस्ता समोरच होता. हो म्हणायचं, सुरू करायचं, आणि दिवस चांगला जाईल असं धरून चालायचं. बहुतेक दिवस चांगलेच जातात. पण कुरणापर्यंतची वाट मी माझ्या पायांनी मोजली होती आणि पळायची वेळ आलीच तर ती माझ्या पायांनी चालायची नव्हती. हे एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखं कसं करणार?

मी दोन्या ओतिलियांना एका पाइनखाली बाजूला घेतलं.

"दोन्या, एक बोलायचंय."

"बोल की. सकाळपासून शिट्ट्याच वाजवतेस."

"वाट तुमच्यासाठी लांब आहे."

त्यांनी हातमोजा काढला, झटकला, पुन्हा घातला. "म्हणजे मी तुझ्या वाटेतला धोंडा."

"तसं नाही म्हणाले."

"तसंच म्हणालीस. माझ्या मुलाने आजवर मला हळू म्हटलं नाही."

"त्याला स्वतःलाच सावकाश चालायला आवडतं, दोन्या. तुम्हाला माहीत आहे."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मुलाच्या आळशीपणावर आमचं दोघींचं एकमत होतं, आणि घरात ज्या थोड्या गोष्टींवर होतं त्यांतली ती एक.

"मग मला गाडीपाशी बसव," त्या म्हणाल्या. "तुझी परीक्षा होऊन जाऊ दे."

"बसवलं तर रेषा कोण सरळ काढेल? तुम्ही रेषेवर हव्यात. पण मग वाट तुमच्या पायांनी मोजायची. सकाळी मी माझ्या पायांनी मोजली, ते चुकलं. आणि हे मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"माझ्या गुडघ्यांचं? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांना दिसतंच आहे."

"दिसणं वेगळं, बोलणं वेगळं."

"हो," मी म्हणाले. "पण न बोलल्यामुळेच तर या सगळ्या तुमच्या मागे रांग लावून उभ्या राहिल्या."

खाली मुली गवतात बसून आमच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होत्या. मग दोन्या ओतिलियांनी खांद्याच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला. रात्री तिथे आग येऊन आपोआप विझली होती. काळा, राखेचा पट्टा, मधे खडक. पुन्हा जळायला तिथे काडीही शिल्लक नव्हती.

"तिकडे सपाट आहे," त्या म्हणाल्या. "तिकडून सुरू केलं तर?"

मी तिकडे बघितलं. राखेपासून सुरुवात करायची, आणि परत यायची वाट म्हणजे आपणच काढलेली रेषा. चढ नाही, उतार नाही. राखेत पोचलं की झालं. पण तिथून आम्ही खांद्याच्या मध्यापर्यंतच जाऊ शकत होतो. त्यापुढे गेलं तर परतीची वाट पुन्हा लांबणार. म्हणजे अख्खा खांदा आमचा राहणार नाही.

मी वॉकीटॉकी उचलला. "साहेब, वायेसितो. आम्ही राखेच्या बाजूने सुरू करतो, मध्यापर्यंत. वरचा अर्धा भाग दुसऱ्यांना द्या."

"तुम्हाला अख्खा दिला होता."

"हो, साहेब. अर्धाच घेतो."

केन्ड्रिकने चावणं थांबवलं. "बरं," साहेब म्हणाला. "पण मग लवकर."

"आणखी एकदा चालून पाहिलं की लगेच."

मी सगळ्यांना राखेपाशी बोलावलं आणि जे सांगायचं ते सांगितलं, सासूबाईंच्या गुडघ्यांसकट. कुणी कुणाकडे बघेना. मग दोन्या ओतिलिया एका पडलेल्या ओंडक्यावर चढल्या. चढताना दोघींनी हात दिला, तो त्यांनी घेतला.

"ऐका," त्या म्हणाल्या. "इथे डोंगरावर, शिट्टी झाली की जिला माझ्या पुढे जायचंय तिने जावं. मी आत्ताच सगळ्यांना मिळून परवानगी देतेय. वाटेत थांबून कुणी मागितली तर तिच्या आईकडे जाऊन सांगेन."

"आणि आईचा खोकला, तिया?" फिदेलियाने विचारलं.

"तो मी संध्याकाळी विचारेन." त्यांनी हवेत क्रूस काढला. "हे फक्त आगीपुरतं. चर्चच्या दारात कुणी पुढे घुसलं तर बघा."

सगळ्या खांद्याच्या मध्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या आणि मी तिसऱ्यांदा शिट्ट्या मारल्या. मुली निघाल्या. दोन्या ओतिलियांच्या बाजूने जाताना एकीने डोळे मिटून घेतले, एकीने मान खाली घातली, फिदेलिया तर थंड पाण्यात उडी मारावी तशी श्वास कोंडून गेली. पण गेल्या. सगळ्या राखेत पोचल्या. मुकादमाने सगळ्यांच्या शेवटी निघायचं असतं, म्हणजे मी दोन्या ओतिलियांच्या मागून चालत होते. लग्न झाल्यापासून जशी चालत आले तशीच. माझ्यापुरतं काहीच बदललं नव्हतं.

"आता विचार," मी केन्ड्रिकला म्हणाले. "किती वेळ लागतो?"

"मी बघितलं," तो म्हणाला.

मग आम्ही कामाला लागलो. दुपारी वारा आला, सांगितल्याप्रमाणे. आग रेषेपर्यंत आली, इकडेतिकडे तोंड खुपसून पाहिलं आणि खायला मिळत नाही म्हणून तिथेच बसून राहिली. वरचा अर्धा भाग दुसऱ्या गावच्या तुकडीने केला. त्यांची रेषा आमच्याइतकी सरळ नव्हती, हे दोन्या ओतिलियांनी जाता-येता तीनदा म्हणून दाखवलं. शिट्टी मारायची वेळच आली नाही.

संध्याकाळी आम्ही राखेपाशी बसून राजमा आणि हिरवी मिरची घालून गुंडाळलेल्या, थंड झालेल्या तोर्तिया, म्हणजे आमच्या पोळ्या, खात होतो. केन्ड्रिक माझ्या शेजारी येऊन बसला. दोन्या ओतिलियांनी न विचारता त्याच्या हातात एक तोर्तिया ठेवली. परीक्षक असला म्हणून काय, वाळलेला होता.

"त्या ओंडक्यावर चढल्याच नसत्या तर?" त्याने विचारलं.

"तर सुरू केलं नसतं."

"मग?"

"खाली जाऊन हेच खाल्लं असतं. थोडं गरम असतानाच."

"आणि तुकडी गेली असती."

"गेली असती," मी म्हणाले.

त्याने एक मोठा घास चावून संपवला. "सकाळी तू कॉफी उकळायच्या आत म्हणालीस, तेव्हाच मी मनात तुला नापास केलं होतं. असं म्हणणारे मुकादम मी पुष्कळ पाहिलेत." मग त्याने बोटं पँटला पुसली. "तुकडी तुझी. पुढच्या उन्हाळ्यात बोलावणं येईल."

क्लेओफासला आता तोंड उघडायची मुभा मिळाली आणि तिने पहिल्यांदा तीच वापरली. ती इतकी मोठ्याने ओरडली की खडकावरच्या राकेलने काय झालं म्हणून वॉकीटॉकीवर विचारलं.

"आता लालाला कुणी रागावू शकत नाही," फिदेलिया म्हणाली. लाला म्हणजे मी, एउलालिया.

"डोंगरावर नाही," दोन्या ओतिलिया म्हणाल्या. "घरची गोष्ट वेगळी. तिच्या मक्याच्या पिठाच्या आतोलेत अजून गाठी होतात."

त्यानंतर बरेच उन्हाळे ती तुकडी माझ्याकडे होती. एका आगीला दिलेली परवानगी दुसऱ्या आगीला चालत नाही असं दोन्या ओतिलियांचं म्हणणं, त्यामुळे प्रत्येक वेळी, वारा, टेहळणी, वाट आणि आसरा सांगून झाला की त्या एखाद्या दगडावर नाहीतर ओंडक्यावर चढून ती नव्याने द्यायच्या. आम्ही वाट चालून पाहायचो, आणि मगच पहिली कुदळ पडायची. नंतर आलेल्या नव्या मुलींना वाटायचं हे खात्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे. एकीने तर दुसऱ्या तुकडीत गेल्यावर तिथल्या मुकादमाला विचारलं, की तुमच्याकडे परवानगी कोण देतं? तो बिचारा बघतच राहिला.

मग एका वर्षी दोन्या ओतिलियांनी बूट खिळ्याला टांगले. त्या उन्हाळ्याच्या पहिल्या वणव्यावर मी सगळं सांगून संपवलं आणि सवयीने थांबले, आता मोठ्या बाईने बोलावं म्हणून. कुणीच बोलेना. आता वयाने सगळ्यात मोठी कोण म्हणून मी रांगेवरून नजर फिरवली, तर सगळ्याजणी माझ्याकडेच बघत होत्या, आणि फिदेलियाने माझ्यासाठी एक बऱ्यापैकी सपाट दगड आधीच पाहून ठेवला होता.